डब्यातला काळा कागद

१

गुरुवारी वाचनालय उघडून पाच मिनिटं झाली नव्हती, तोच इस्त्रीवाली तरातरा आत आली आणि माझ्या टेबलावर पत्र्याचा डबा आपटून म्हणाली, "बाई, माझ्या घरात चोरी झालीय."

वर्तमानपत्रात खुपसलेली चार डोकी एकदम वर आली. मी तिला खुर्चीत बसवलं आणि त्या चौघांकडे असं पाहिलं, की डोकी पुन्हा खाली गेली. ही नजर मला नोकरीनं दिली. तीस वर्षं मी रेल्वेत तिकीट तपासनीस होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी सगळे मला टीसीबाईच म्हणतात. आता मंगळवारी आणि गुरुवारी मी इथे खिडकीशी बसते आणि लोकांना सरकारी पत्रं समजावून सांगते. फुकट. घरी बसून कोळ्याची जाळी मोजण्यापेक्षा हे बरं.

"काय गेलं?" मी विचारलं.

"पावती. सोबत भत्त्याच्या फेरअर्जाची."

"आणि पैसे?"

"पैसे जागच्या जागी. आईच्या कुड्यासुद्धा. नेमकी पावती तेवढी गेली आणि तिच्या जागी काळा कागद ठेवलाय मेल्यानं. काळा कुळकुळीत. कार्बन असतो ना, तसला."

हिचं प्रकरण मला ठाऊक होतं. हिचा धाकटा भाऊ राजा चौतीस वर्षांचा आहे. गोदामात अंगावर मांडणी कोसळली तेव्हापासून त्याला कमरेखाली हलता येत नाही. दर दोन तासांनी कुणीतरी कूस बदलून द्यावी लागते. ते कुणीतरी म्हणजे ही. म्हणून ती घरातच कपड्यांना इस्त्री करते, आणि आजाऱ्याजवळ राहणाऱ्या नातेवाइकाला मिळतो तो सोबत भत्ता तिला मिळायचा. त्यावर दोघांचं भागायचं.

मग नियम बदलला. जुन्या भत्तेवाल्यांनी एकतीस तारखेच्या आत फेरअर्ज करायचा. जो करील त्याचा भत्ता होता तसा चालू राहील. जो चुकेल तो नवा अर्जदार धरला जाईल, आणि घरी कसलाही धंदा करणाऱ्या नव्या अर्जदाराला भत्ता नाही. कायमचा नाही. चार पानी पत्रात हे तिसऱ्या पानावर 'तथापि'च्या मागे लपलं होतं. सरकारी पत्रात 'तथापि' दिसला की मी पेन्सिल हातात घेते. तेव्हा मीच तिला बजावलं होतं, की अर्ज शेवटच्या दिवसावर ढकलू नकोस. तिनं नेमका शेवटच्या दिवशी दिला. आता खात्याचं पत्र आलं होतं, की फेरअर्ज मिळालाच नाही, सबब भत्ता बंद. हरकत असल्यास पावती आणा.

"हरकतीची मुदत कधी संपते?"

"उद्या संध्याकाळी पाचला." तिनं डबा माझ्याकडे सरकवला. "भत्ता गेला तर मला मोठ्या धुलाईत बारा तासांवर जावं लागेल, बाई. आणि राजाला गावाबाहेरच्या संस्थेत ठेवावं लागेल. तो हसून म्हणतो, ठेव. पण मी निघाले तेव्हा उशीत तोंड घालून पडला होता. मला कळत नाही का?"

मला राग आला. माझा राग उपयोगी असतो, म्हणून मी तो आवरत नाही. मी डबा फिरवून पाहिला. कुलूप शाबूत होतं. कुठे ओरखडा नव्हता.

"किल्ल्या किती?"

"दोन. एक ही माझ्या गळ्यात." ती थांबली. "दुसरी वहिनीकडे."

२

घर म्हणजे एक लांबट खोली. दाराशी इस्त्रीचं टेबल, त्यावर जळक्या डागांचं घोंगडं, बाजूला घडी केलेल्या कपड्यांचे सरळ मनोरे. टोकाला खिडकी आणि खिडकीशी राजाची खाट. खाटेवर पुस्तकं पसरली होती.

"या टीसीबाई," राजा म्हणाला. "माझं तिकीट काढलेलं नाही, पण मी पळूनही जाऊ शकत नाही."

"दंड नंतर घेते," मी म्हटलं. "पावती डब्यात कधी ठेवली, कशी ठेवली, सांग."

त्यानं जे पाहिलं ते नीट सांगितलं. एकतीस तारखेला ताई साडेचारच्या सुमाराला खुशीत परत आली. चारपानी पत्राच्या घडीतच पावती ठेवून तिनं ते आणलं होतं. रात्रीचे कपडे झाल्यावर तिनं कागद डब्यात टाकले आणि कुलूप लावलं. आज सकाळी हरकतीला जायचं म्हणून डबा उघडला, पत्र उलगडलं, तर आत काळा कागद.

"डब्यातले सगळे कागद कसे दुकानातून आणल्यासारखे आहेत गं तुझे," मी पत्र हातात घेऊन म्हटलं. चार पानं, एक सुरकुती नाही.

"तिचं वेड आहे ते," राजा हसला. "दोन वर्षांपूर्वी भत्ता कार्यालयात खिडकीवरच्या कुणीतरी सगळ्यांसमोर हिला झापलं होतं, 'हे कागद आहेत की बोळे?' तेव्हापासून घरात चुरगळलेलं काही राहूच देत नाही. माझे मोजे सरळ, माझ्या नोटा सरळ. माझ्या कपाळावर आठी पडली तरी हिचे हात शिवशिवतात."

"गप रे," ती म्हणाली, पण जराशी हसली.

वहिनी वरच्या मजल्यावर राहते. थोरल्या भावाची बायको. तिनं दार उघडलं आणि मी काही विचारायच्या आतच कंबरेवर हात ठेवले.

"मला माहितीये कशाला आलात. हो, मला खालची खोली हवीये. मुलं मोठी झालीत, वर पाय ठेवायला जागा नाही. हे मी त्या दोघांच्या तोंडावर बोलते. ज्याला तोंडावर बोलता येतं तो चोऱ्या कशाला करील?"

"डब्याची किल्ली?"

"ती काय." तिनं दाराजवळच्या भिंतीकडे बोट दाखवलं. खिळ्याला किल्ली होती. भिंत फिकट हिरवी, खिळा फिकट हिरवा, किल्लीही फिकट हिरवी. रंगाऱ्यानं आळस करून भिंतीसोबत किल्लीवरूनही हात फिरवला होता.

"रंग कधी दिला?"

"झाले की दोन-अडीच महिने."

मी किल्ली ओढली. ती भिंतीला इतकी चिकटली होती, की सुटताना रंगाचा पापुद्रा घेऊनच निघाली आणि खाली किल्लीच्या आकाराचा जुना पिवळा रंग दिसला. पावती तर महिन्याभरापूर्वीची. म्हणजे पावती मिळाल्यापासून या किल्लीला कुणी हात लावला नव्हता.

"माझी भिंत!" वहिनी ओरडली. मी तिची माफी मागितली आणि जिना उतरले. एक संशयित कमी झाली होती.

उरला कार्बन. आजकाल कार्बन वापरतो कोण? या गावात मला एकच माणूस माहीत होता, आणि तो नेमका भत्ता कार्यालयाच्या दाराशीच बसत होता.

३

अर्जवाला कार्यालयाबाहेर छत्रीखाली टेबल टाकून बसतो. लोकांचे अर्ज भरून देतो, पैसे घेतो आणि प्रत्येक अर्जाची कार्बन प्रत स्वतःकडे ठेवतो. गोड बोलणं इतकं, की माझ्यासारखीचे दात दुखावेत. मला बघताच तो उठून उभा राहिला.

"बसा बसा, टीसीबाई! आज कोणता अर्ज?"

"आज प्रश्न. तुमचा कार्बन दाखवा."

त्यानं खण उघडला. कार्बनचा गठ्ठा होता. निळा. वरपासून खालपर्यंत निळा.

"काळा मी ठेवतच नाही," तो म्हणाला. "काळ्यानं प्रत मूळ अर्जासारखी दिसते, मग घोटाळे होतात. बावीस वर्षं निळाच." त्याची बोटंही निळी होती. नखांच्या कडांमधला तो निळा रंग एका दिवसाचा नव्हता.

"इस्त्रीवालीचा फेरअर्ज तुम्ही भरलात?"

"मीच. ही बघा प्रत. एकतीस तारखेला आत गेली, साडेतीनची वेळ. चारच्या आत पावती नाचवत बाहेर आली. मग आत काहीतरी समारंभ झाला, टाळ्या ऐकू येत होत्या." मग त्याचा गोडवा एकदम आटला. "आणि नव्या मॅडम म्हणतात, पावत्या मी छापतो! मी! पोलिसात देईन म्हणाल्या. बाई, माझी रोजीरोटी आहे हो इथे."

त्याचा आवाज खरा वाटला. पण फुकट प्रवास करणारेही असेच खरे वाटतात, म्हणून मी मान न हलवता आत गेले.

कार्यालयाचा हॉल लोकांनी भरला होता. खिडक्यांसमोर रांगा होत्या आणि भिंतीवर बदललेल्या नियमांचा फलक होता, इतक्या बारीक अक्षरात की वाचणाऱ्याला भिंतीला नाक लावावं लागे. कोपऱ्यात एक टेबल होतं. त्यावर जमिनीपर्यंत लोंबणारं लाल झालरीचं कापड, मध्यभागी उंचवटा, आणि त्यावर प्लॅस्टिकच्या फुलांची फुलदाणी. मी आपली पिशवी तिथे टेकवायला गेले.

"तिथे नको!" मागून आवाज आला. "समारंभाचं टेबल आहे ते."

या मॅडम. महिन्याच्या एक तारखेला रुजू झालेल्या अधिकारी. चेहरा कडक, साडी कडक, हातात फाइल. "माझं स्वागत याच टेबलाशी झालं," त्यांनी उगाचच सांगितलं. "शिस्तीनं ठेवलंय, राहू द्या."

मी पिशवी खांद्यावर घेतली आणि इस्त्रीवालीचं काम सांगितलं.

"पावती चोरीला गेली?" मॅडम थकल्यासारखं हसल्या. "ही नवीन तऱ्हा. आत्तापर्यंत नऊजण शिक्का नसलेल्या बनावट पावत्या घेऊन आलेत. आमच्या पावतीवर गोल शिक्का असतो. आणि मूळ मुद्दा असा, की रजिस्टरला नोंद नाही म्हणजे अर्ज नाही."

"तुमचं ते पावतीचं यंत्र? त्यात नोंद राहत नाही?"

"ते फक्त छापतं. लक्षात ठेवत नाही."

मी बाहेर पडले. वहिनी नाही, अर्जवालाही बहुधा नाही, आणि चोर पैसे सोडून पावती नेतो. काहीच जुळत नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. राजा होता.

"टीसीबाई, तुम्ही तो काळा कागद बघितलाच नाहीत. ताईनं सकाळी रागानं फेकला, तो खाटेखाली पडला होता. मी काठीनं ओढून घेतला आणि पुस्तकात खूण म्हणून ठेवलाय."

मी रस्त्याच्या मधोमध थांबले. मागून सायकलवाल्यानं घंटी वाजवली. तीस वर्षं मी कुणाच्या तोंडावर विश्वास ठेवला नाही, आधी तिकीट बघितलं. आणि आज इस्त्रीवाली कार्बन म्हणाली म्हणून मी दिवसभर कार्बन शोधत फिरले होते.

४

मी कागद हातात घेतला आणि बोटानं घासला. बोट स्वच्छ राहिलं.

"हा कार्बन नाही," मी म्हटलं. "कार्बननं हात काळे होतात."

कागद अरुंद आणि लांबट होता. एका बाजूनं काळा, पाठीमागून पांढुरका. असा कागद मी हजार वेळा पाहिला होता. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत यंत्रातून याच कागदाची तिकिटं निघायची. एकदा एका प्रवाशानं गरम चहाचा पेला तिकिटावर ठेवला होता. पेला उचलला तर तिकिटावर गोल काळा ठसा, आणि गाडीचा नंबर गायब. तो बिचारा शपथा घेत होता. मी दंड केला नाही, कारण मला कळलं होतं, की या कागदावर शाई नसते. उष्णतेनंच अक्षरं उमटतात, आणि जास्त उष्णता लागली की सगळाच काळा होतो.

मी इस्त्रीच्या टेबलाकडे पाहिलं. मग त्या चार पानांच्या पत्राकडे, ज्यावर एक सुरकुती नव्हती.

"एकतीस तारखेला रात्री," मी हळूच विचारलं, "कागद डब्यात टाकायच्या आधी काय केलंस?"

"काही नाही. पिशवीत चुरगळले होते, म्हणून जरा..." ती थांबली. तिचा हात तोंडावर गेला.

"पत्र उघडून इस्त्री केलीस, की घडीवरून?"

"घडीवरून," ती कुजबुजली. "पावती आतच होती."

ती मटकन खाली बसली. "म्हणजे चोर मीच. माझ्या हातानं भावाला घराबाहेर काढलं मी."

"ताई, रडू नको," राजा म्हणाला. "सबंध गावात पावतीला इस्त्री करणारी तू एकटीच असशील. मला तर अभिमान वाटतोय." पण त्यानं तोंड खिडकीकडे वळवलं.

मी कागद अजून बोटांत फिरवत होते. जुनी सवय. आणि मला काहीतरी लागलं. कागद गुळगुळीत नव्हता. खालच्या कडेला बारीक बारीक उंचवटे होते, ओळीनं. डोळ्यांना काळ्यावर काही दिसत नव्हतं.

"राजा, पडदा सार."

त्यानं काठीनं पडदा सारला. दुपारचं ऊन खाटेवर आलं. मी काळी पावती उजेडासमोर धरली.

काळ्या कागदात सुईच्या टोकाएवढी भोकं चमकत होती. भोकांचे आकडे होते. ३१, मग महिना, मग वर्ष, आणि शेवटी वेगळा उभा एक आकडा, २.

"कुणीतरी यंत्रानं तारीख टोचलीय," मी म्हटलं. माझाच आवाज चढला होता. "टोचलेली तारीख इस्त्रीनं जात नाही! रडणं बंद कर, बाई. तुझी पावती सापडली."

तिनं पावती माझ्या हातातून घेतली, उजेडात धरली आणि एकेका भोकावर नजर फिरवली. मग हसायला लागली. हसता हसता पुन्हा रडायला लागली. राजानं आपली काठी विजयी भाल्यासारखी वर केली आणि दिव्याला मारली.

५

"दहावी," शुक्रवारी सकाळी मॅडम म्हणाल्या. पावती त्यांनी खिडकीसमोर धरली आणि परत माझ्यासमोर टाकली. "बाकीच्या नवांवरही शिक्का नाही, अशीच भोकं आहेत. बाई, या कार्यालयात भोकं पाडायचं यंत्र नाही. तुम्ही स्वतः शोधा. म्हणजे ही पावती आमची नाही."

इस्त्रीवालीनं माझा हात घट्ट धरला. मी पाहिलं तर तिचा चेहरा पांढरा पडला होता. कालचा सगळा आनंद एका वाक्यात गेला होता.

"त्या नऊ पावत्यांच्या नकला ठेवल्यात?" मी विचारलं.

"अर्थात. पोलिसांसाठी." मॅडमनी फाइल उघडली. त्या कडक होत्या, पण कामात चोख होत्या.

मी नऊ नकला टेबलावर मांडल्या, जशा पूर्वी तिकिटं मांडायची. प्रत्येकीवर टोचलेली भोकं काळ्या ठिपक्यांसारखी उमटली होती. प्रत्येकीवर तारीख एकतीस. प्रत्येकीवर शेवटी दोन.

"मॅडम, मी बनावट तिकिटं खूप पाहिलीत. बनावट करणारा खऱ्याची नक्कल करतो. तुमच्या खऱ्या पावतीवर गोल शिक्का असतो, तर त्यानं गोल शिक्का बनवला असता. जे यंत्र कार्यालयात नाहीच त्याची भोकं तो कशाला पाडील? आणि दहाच्या दहा पावत्या एकाच दिवसाच्या कशा?"

मॅडमनी चष्मा काढला. पहिल्यांदाच त्या नकला जवळ ओढून बघत होत्या.

"आणखी बघा. हा तुमच्याच खिडकीवरचा माणूस असेल आणि रोज भोकं पाडत असेल, तर बाकीच्या दिवसांच्या पावत्या कुठायत? कुणी आणल्या नाहीत, कारण त्यांना गरजच पडली नाही. त्यांचे अर्ज नोंदले गेले. फक्त एकतीस तारखेचे राहिले. दोन म्हणजे खिडकी क्रमांक दोन. एकतीसला त्या खिडकीवर कोण होतं?"

"माझ्या येण्याआधीची गोष्ट आहे." त्यांनी हजेरीपट उघडला आणि बोट फिरवलं. बोट थांबलं. "आप्पा म्हणून लिपिक होते. त्याच दिवशी निवृत्त झाले."

बारा वाजले होते.

"त्यांचा पत्ता द्या," मी म्हटलं. "आणि मॅडम, पाचपर्यंत पोलिसांना थांबवा."

६

आप्पांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं आणि ते स्वतः बँकेत गेले होते. आम्ही पायरीवर बसून वाट पाहिली. एक वाजला, दोन वाजले, अडीच वाजले. इस्त्रीवाली दर पाच मिनिटांनी रस्त्याकडे पाहत होती. वहिनीनं आज दुपारी राजाची कूस बदलायचं कबूल केलं होतं, तोंड वाकडं करून, पण केलं होतं.

साडेतीनच्या ठोक्याला आप्पा आले. बारीक, स्वच्छ, खिशाला दोन पेनं. काळी पावती पाहताच त्यांचा चेहरा उजळला.

"माझं टोचणयंत्र!" ते आत गेले आणि मेणकापडात गुंडाळलेलं लोखंडी यंत्र घेऊन आले. "खात्यानं भंगारात काढलं होतं, मी माझ्या पैशानं विकत घेतलं. शिक्का पुसता येतो हो, बाई. ओलं बोट फिरवलं की तारीख गेली. भोक कोण पुसणार? मी अर्जही टोचायचो आणि पावतीही टोचायचो. जाताना यंत्र घेऊन आलो, माझंच होतं."

"आणि एकतीस तारखेचे अर्ज?"

"ट्रेमध्ये. मी दिवसाचे अर्ज ट्रेमध्ये ठेवायचो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नोंदायचो."

"पण दुसऱ्या दिवशी तुम्ही नव्हतात."

आप्पांनी यंत्र खाली ठेवलं. अठ्ठावीस वर्षं ज्याला दुसरी सकाळ होती, त्या माणसाला त्या एका दिवशी ती नव्हती, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"ट्रे कुठे ठेवलात?"

"कुठे बरं..." ते खाली बसले. "चारला निरोप होता. माझंच टेबल पुढे ओढलं. साहेब भाषण करत होते. मला भरून आलं होतं. खरं सांगू, ट्रेचं काहीच आठवत नाही." म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्या हातून एकही कागद कधी हरवला नव्हता."

इस्त्रीवालीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेचार. त्या घड्याळाखाली निरोपाचा फोटो लावला होता, चौकटीत. गळ्यात हार, हातात सुरी, समोर केक. टेबलावर लाल झालरीचं कापड.

मी फोटोपाशी गेले. आप्पा उभे होते. टेबल त्यांच्या कमरेला लागत होतं. पण केक मात्र त्यांच्या छातीशी होता, आणि त्याच्याखाली कापड चौकोनी उंचावलं होतं.

"आप्पा, केक इतका उंच कसा?"

"मागच्यांना दिसेना म्हणून कुणीतरी कापडाखाली काहीतरी ठेवलं..." ते बोलायचे थांबले. मग हळूच म्हणाले, "लाकडी ट्रे होता माझा. खोल, झाकणाचा. एवढाच उंच."

मला कोपऱ्यातला तो उंचवटा दिसला, आणि त्यावरची प्लॅस्टिकची फुलं.

"आप्पा," मी म्हटलं, "चपला घाला. यंत्र बरोबर घ्या."

७

चार वाजून पस्तीस मिनिटांनी आम्ही हॉलमध्ये शिरलो. अर्जवाल्याला मी वाटेतूनच फोन केला होता. त्यानं आपल्या निळ्या प्रतींमधून पत्ते काढून नऊजणांपैकी सातजण गोळा केले होते. मुलाला कडेवर घेतलेली एक बाई होती, आंधळ्या बापाचा हात धरलेला एक ड्रायव्हर होता. सगळे आपापली भोकं पाडलेली पावती घेऊन उभे होते, आणि कुणालाच कळत नव्हतं कशासाठी.

मॅडम बाहेर आल्या. मी त्यांना आप्पांचं यंत्र दाखवलं. आप्पांनी एक कोरा कागद टोचून दाखवला. मॅडमनी तो उजेडात धरला, मग नकलेशेजारी धरला. दोनचा आकडा दोन्हीकडे जरासा डावीकडे कललेला होता.

"पावत्या खऱ्या आहेत," त्या सावकाश म्हणाल्या. "पण अर्ज? अर्जाशिवाय मी काय नोंदू?"

"तुमचं स्वागत कुठे झालं, मॅडम?"

"म्हणजे? तिथे, त्या टेबला..."

मी फुलदाणी उचलून त्यांच्या हातात दिली. मग लाल कापडाची कड धरली. पण ओढली नाही. इस्त्रीवालीला हाक मारली. "ये. हे काम तुझं."

तिनं कापड दोन्ही हातांनी धरलं आणि एका झटक्यात ओढलं.

टेबलावर लाकडी ट्रे होता. झाकण उचललं, तर आत अर्ज होते, नीट रचलेले. महिनाभर लोक त्याच्यासमोर हात जोडून परत गेले होते, मॅडमनी त्याच्यासमोर पुष्पगुच्छ घेतला होता, आणि रोज सकाळी झाडणाऱ्यानं वरची फुलं पुसली होती.

आप्पांनी पहिला अर्ज उचलला, खिडकीसमोर धरला. भोकं चमकली. "एकतीस," ते म्हणाले. दुसरा उचलला. "एकतीस." प्रत्येक वेळी हॉलमधला आवाज वाढत गेला. मुलाला घेतलेल्या बाईनं आपला अर्ज लांबूनच ओळखला आणि किंचाळली. अर्जवाला तर सगळ्यांना मिठ्या मारत सुटला, निळ्या बोटांसकट. वरून सातवा अर्ज असा होता, की त्यावर एक सुरकुती नव्हती. तो कुणाचा हे विचारायची गरज नव्हती.

एकूण तेवीस निघाले. दहाजण भांडायला आले होते. उरलेले तेराजण नशिबाला बोल लावून घरी बसले होते. मला त्या तेरांचाच जास्त राग आला, आणि त्यांचंच जास्त वाईट वाटलं.

मॅडमनी हातातली फुलदाणी खाली ठेवली, खुर्ची ओढली आणि त्याच टेबलाशी बसल्या. "रजिस्टर आणा," त्या म्हणाल्या. "अर्ज मुदतीत आलेत, तेव्हा भत्ता बंद झालाच नाही असं लिहायचं. राहिलेला महिनाही द्यायचा. या दहांनी हरकत घ्यायची गरज नाही. आणि त्या तेरांना पत्र नको, फोन करा." मग वर बघून अर्जवाल्याला म्हणाल्या, "मी तुम्हाला चोर म्हटलं. चूक झाली." तो इतका गांगरला, की त्याला गोड काही सुचलंच नाही.

इस्त्रीवालीची नोंद झाली तेव्हा पाचला आठ मिनिटं कमी होती. मॅडमनी नव्या पावतीवर गोल शिक्का मारला. आप्पांनी परवानगी विचारून तिच्यावर भोकंही पाडली. ती पावती माझ्या हातात देऊन इस्त्रीवाली म्हणाली, "ही तुम्ही ठेवा, बाई. माझ्या हाताचा भरवसा नाही."

आम्ही घरी पोचलो तेव्हा वहिनी राजाच्या खाटेशी बसून त्याच्याशी पत्ते खेळत होती आणि हरत होती. बातमी ऐकून तिनं पत्ते टाकले. "बरं झालं," ती म्हणाली. "माझ्यानं काही रोज हे उचलणं झालं नसतं. कंबर मोडली." आणि पदरानं डोळे पुसले. राजानं ताईचा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

पुढच्या गुरुवारी मी इस्त्रीवालीकडे सहज डोकावले. वाचनालयात आता माझ्याशेजारी आप्पा बसतात, आणि कार्यालयात नियमांचा नवा फलक मोठ्या अक्षरात लागलाय. मला 'तथापि' एकदासुद्धा सापडला नाही. इस्त्रीवालीच्या टेबलावर लाल झालरीचं कापड घडी करून ठेवलं होतं. मॅडमनी इस्त्रीला पाठवलं होतं. आणि राजाच्या खिडकीच्या काचेवर ती काळी पावती चिकटवली होती. दुपारचं ऊन तिच्यामागून येत होतं आणि आकडे लखलखत होते.

"टीसीबाई," राजा उशीवरून म्हणाला, "आज एकतीस तारीख आहे."

"काल काय होती?"

"एकतीसच. आमच्या घरी मुदत संपत नाही."